पोपटरावांचा शुक्रवार

प्रिय तेजश्री,

कतारमध्ये राहून समाजसेवा करणाऱ्या तुझ्यामाझ्यासारख्या बायकांची एक तक्रार कधी संपत नाही: आपण इतकं देतो, पण घेणाऱ्यांना त्याची कदर नाही. मजुरांच्या कॅम्पवर श्रीखंड वाटलं, तर चेहरे कोरडेच. योगशिबिरात निम्मे जण शवासनात घोरायला लागले. सूक वाकिफच्या बाजारात चहा पिताना तू वैतागून म्हणालीस, "सरोजताई, या लोकांना नक्की हवंय तरी काय?"

एकाला विचारलं होतं की आपण. नांदेडकडचे पोपटराव, शटरिंगचे सुतार. ते म्हणाले, "ताई, शुक्रवारची झोप द्या." सगळे हसले. तुझा नवरा कौशिक म्हणाला, "मामा, झोप काय डब्यात भरून आणू?" तेही बिचारे हसले. त्यांना आठवड्यात तेवढीच एक सुट्टी, आणि आपल्यालाही सेवेला सवड शुक्रवारीच. आपला शुक्रवार दान करता यावा म्हणून आपण त्यांचा शुक्रवार घेत राहिलो. याला आपण वेळदान म्हणायचो. बॅनरवर तसं छापलंही होतं.

मेमधला क्रीडादिन कसा ठरला, आठव. आपल्या मंडळातली अंतरा म्हणत होती, आजारी पडणाऱ्यांसाठी गुपचूप निधी ठेवू. मंडळाची अध्यक्ष म्हणून तू तिला समजावलंस, गुपचूप दिलेलं कुणाला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याला पुढच्या वर्षी वर्गणी मिळत नाही. तिकडे वर्ल्ड कप जवळ आलेला, पोपटरावांच्या कंपनीला हसऱ्या मजुरांचे फोटो हवे होते. मैदान त्यांचं, बस त्यांच्या, टी-शर्ट आपले. दान कुणाला द्यायचं हे इतक्या पटकन आपण कधीच ठरवलं नव्हतं.

पोपटराव रात्रपाळी करून थेट मैदानावर आले होते. उन्हात दुसऱ्या सामन्यात ते गोलपोस्टला टेकून खाली बसले. मुकादम ओरडला, "यल्ला, यल्ला," म्हणजे चला, चला. आपल्या बायकांनी टाळ्या वाजवत तोच गजर उचलला. ते उठले, थोडं धावले आणि तोंडावर पडले. अँब्युलन्स येईपर्यंत तू त्यांच्यावर छत्री धरलीस, हे मी कुणालाही सांगेन. ते गेल्याचा फोन आला, त्यानंतरही ट्रॉफ्या वाटल्या गेल्या, कारण खजिनदार हेमचंद्र म्हणाले, "आणल्यात तर आता परत कुठे नेणार?" तो फोटो मंडळाच्या पानावर अजून आहे. खाली सत्तर जणांनी हात जोडलेत.

आता कंपनी म्हणते, हा माणूस सुट्टीच्या दिवशी हौसेने खेळायला गेला होता. कामावर मेला नाही, म्हणून भरपाई नाही. मी कामगार खात्यात जबाब दिला, पण त्याला वजन नाही. मी मंचावर माइक तपासत होते. मजूर चढत होते तेव्हा बसपाशी तू होतीस. "जो नहीं आएगा उसका दो दिन का पगार काटो," असं कॅम्प बॉस म्हणाला ते तू ऐकलंस, आणि अझीझियाला मला घरी सोडताना गाडीत सांगितलंस. ऐकलं तेव्हा ती तुला गंमत वाटली होती, म्हणालीस. कौशिकच्या ऑफिसला याच कंपनीची कामं मिळतात, हे मला ठाऊक आहे. नोकरी जाईल, व्हिसा जाईल, मुलांची शाळा अर्ध्यावर सुटेल, सगळं खरं. तू मला ते समजावत बसू नयेस म्हणून मीच लिहून टाकलं.

काल तुझा मेसेज आला. गुरुवारी तुझ्या अल थुमामा भागातल्या घरी सभा, पोपटरावांच्या बायकोसाठी निधी जमवायचा, "ताई, तुम्ही बोललात की लोक रडतात, आणि रडले की पाकिटं उघडतात." मी बोलणार नाही. बोलायच्या आधी त्या बाईला, तानूबाईला, फोन केला. ती म्हणाली, "पैका द्याल तर घेईन, न्हाई कशाला म्हनू. पर दीर म्हनतोय, तुझा नवरा तिकडं चेंडू खेळत मेला, मौज करत मेला. पोरीच्या सोयरिकीत बी हेच बोलत्यात. ते आपल्या मर्जीनं गेलते का वो बाई?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मग तुमी चारचौघात सांगा की तसं." यावर तिला काय सांगू? की आमच्या मंडळात एकीला सगळं माहीत आहे, पण ती सध्या तुमच्यासाठी वर्गणी गोळा करण्यात गुंतली आहे? पैसे कुणीही देईल. हे फक्त तू देऊ शकतेस, आणि आजवर आपण दिलेल्यात हे पहिलंच असेल जे कुणीतरी मागितलं होतं. गुरुवारची सभा रद्द कर. रविवारी सकाळी कामगार खातं उघडताच तिथे जा आणि बसपाशी जे ऐकलंस ते तुझ्या नावानिशी सांग.

तुझीच,
सरोजताई