तिसऱ्या मजल्यावरचं खारं पाणी

।। श्री एकवीरा प्रसन्न ।।

वसई,
८ जानेवारी २००६

ती. दादास,
दिनानाथचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि कमळीवहिनी मधे उभी राहून ओरडून सांगते तेव्हा आमच्या घरची हकिगत अख्ख्या उरणला कळते. म्हणून आपलं पत्रच बरं.

आशालता तब्येतीने ठीक आहे. झडपेचं ऑपरेशन होऊन अडीच महिने झाले. परवाच्या तपासणीला डॉक्टर घरी आले होते. हृदय आता नीट चालतं, जिना चढा-उतरा, बाजारात जा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. भाद्रपदात दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती चक्कर येऊन कोसळली होती, ते तिच्या मनातून जात नाही. हॉस्पिटलातून तिला खुर्चीत बसवून चौघांनी वर आणलं, त्यानंतर ती खाली उतरलेली नाही. दिवसभर पलंगावर असते आणि भिंतीकडे बघते.

गेल्या महिन्यात एकदाच म्हणाली की एवढं वसईत राहून समुद्र बघायला मिळत नाही. ती कधी काही मागत नाही, तुला माहीत आहे. मी बरेच दिवस विचार केला आणि समुद्रच वर आणायचा ठरवला. हसू नकोस. नंदाखाल गावचा निकोलस माझ्याबरोबर शाळेत होता, त्याचं स्टेशनजवळ माशांचं दुकान आहे. त्याच्याकडून तीन फुटी काचेची टाकी आणली. तिच्यात खारं पाणी, त्याच्या जुन्या टाकीतले दगड, पाणी फिरवणारा छोटा पंप आणि वर दोन पांढऱ्या, एक निळी अशा ट्यूब. आता सहा आठवडे नुसतं पाणी आणि दगड ठेवायचे, मासा टाकायचा नाही, असं निकोलसने बजावलं आहे.

पाणी भुईगावच्या किनाऱ्यावरून आणलं. आधी समुद्राला नारळ दिला आणि मागून घेतलं. बाकी ठीक.

तुझी माया आहेच, ती तशीच असू दे.
तुझा,
दिनानाथ

•

उरण,
१७ जानेवारी २००६

चि. दिनानाथ यास शत्रुघ्नचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. कमळीने वाचून दाखवलं आनि मधेच हसत बसली, म्हनून परत मी वाचलं.

आपल्या बापाने चाळीस वर्षं खारं पानी घराबाहेर ठेवायला बांध घातले. तू ते कॅनमधे भरून तीन जिने चढवलंस. वर त्याला लाईट लावलीस. शिकलेला मानूस काय करील सांगता येत नाही. सहा आठवडे नुसतं पानी बघायचं तर इकडे ये, माझ्याकडे शंभर एकर पानी आहे, फुकट बघ.

थट्टा सोड. आशालतासाठी केलंस ते बरं केलंस. तिला म्हनावं, भ्यायलेल्या बैलाला ओढून चालवत नाहीत, उभं राहू देतात. मग तो आपला चालतो. कमळी म्हनते की बाईला बैल म्हनू नका. पन आशालता समजून घेईल.

यंदा मीठ बरं पिकतंय. मिठागरावरची मुकादमकी अजून दोन वर्षं करीन म्हनतो. गुडघे दुखतात.

पोरीला, अनुष्काला, अभ्यास कर म्हनावं. मायेत कमी करू नका.
शत्रुघ्न

•

वसई,
१९ मार्च २००६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं बैलाचं वाक्य आशालताला वाचून दाखवलं. ती खूप दिवसांनी हसली. भावजींनी निदान गाय म्हणायचं होतं, असं म्हणाली.

टाकी आता भरली आहे. दोन मासे आहेत, नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. आणि निकोलसने आपल्या टाकीतलं एक समुद्रफूल दिलं. नाव फूल, पण ते जिवंत प्राणी आहे. दगडाला चिकटून बसतं आणि शंभर बोटं पाण्यात हलवत राहतं. दुसरा मासा त्या बोटांत सापडला तर मरतो, पण हे दोघे त्यात खुशाल झोपतात. देवाने कुणाला कुठे आसरा ठेवला आहे, आपल्याला काय कळणार? कधी कधी मात्र मनात येतं की त्याने समुद्रात ठेवलेलं आपण काचेत का ठेवावं. त्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

आशालताने पलंगाचं तोंड टाकीकडे फिरवून घेतलं. आणि खरी गोष्ट पुढेच आहे. इथे रोज चार-पाच तास भारनियमन असतं. पंप थांबला की मासे वर येऊन तोंड उघडतात. तेव्हा ती उठते, तांब्याने टाकीतलं पाणी वर घेते आणि उंचावरून परत सोडते. अर्धा अर्धा तास. ऑपरेशननंतर जी बाई पाण्याचा पेला उचलत नव्हती, तिला मी हे करताना दारात उभा राहून पाहिलं आणि तसाच मागे फिरलो.

परवा ती अनुष्काला गमतीने म्हणाली, या फुलाने उन्हाळा काढला तर मी जिना उतरेन. ती गमतीने म्हणाली, पण मी देवीपुढे दिवा लावताना ते बोलून टाकलं. आता तो नवसच झाला.

उन्हाळ्यात पाणी तापतं, म्हणून निकोलसच्या सांगण्यावरून टाकीवर टेबलफॅन लावला आहे. वहिनीस नमस्कार.

तुझा,
दिनानाथ

•

वसई,
१८ एप्रिल २००६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मन फार अस्वस्थ आहे, म्हणून उत्तराची वाट न बघता लिहितो.

मासे आठ दिवस खात नाहीत. एक कोपऱ्यात तळाशी पडून असतो, कल्ले जोरात हलतात. फूल आक्रसून मुठीएवढं झालं आहे. निकोलस त्याच्या मुलीच्या लग्नासाठी पुण्याला गेला आहे, दुकान बंद. मी सगळं त्याने सांगितल्याप्रमाणे करतो. खाणं चिमूटभरच घालतो. फॅन चालू असतो. फॅनमुळे दोन दिवसांत बोटभर पाणी उडतं, तेवढं लगेच भरतो, पातळी कमी होऊ देत नाही. त्यासाठी दर रविवारी सायकलवर भुईगावला जाऊन दोन कॅन आणतो. ज्याला नारळ वाहिला त्यात नगरपरिषदेच्या नळाचं पाणी घालायला हात धजत नाही. स्वच्छताही आहे. काचेच्या कडेला पांढरा थर धरतो, तो अनुष्का रोज पुसते.

परवापासून आशालताने जेवण अर्ध्यावर आणलं आहे. फूल मेलं तर ती आता कधीच उतरणार नाही, अशी मला भीती वाटते. मीच ते देवीपुढे बोललो. नसतो बोललो तर बरं झालं असतं.

दिनानाथ

•

उरण,
२२ एप्रिल २००६

दिनानाथ,
आशीर्वाद नंतर. आधी उठ आनि टाकीतलं एक थेंब पानी जिभेवर ठेव. मग भुईगावच्या कॅनमधलं ठेव. मग पुढे वाच.

कळलं का? अरे, उन्हाने उडतं ते पानी उडतं, मीठ मागे राहतं. त्यावर परत खारं भरलं की मीठ वाढतं. परत उडालं, परत भरलं, परत वाढलं. आपल्या बापाने जन्मभर हेच केलं. पोट भरलं आपलं त्याच्यावर. तू तीन फुटात मिठागर घातलंस, वर वारा दिलास, आनि विचारतोस मासे का मरतात. काचेवरचा पांढरा थर म्हने अनुष्का पुसते! तिला विचार, बाजारात किती रुपये किलोने घेते.

मला राग आला होता, मग हसलो, मग परत वाईट वाटलं. कमळी म्हनाली की चिडून लिहू नका, त्याचा जीव टांगलेला आहे.

आता काय करायचं ते ऐक. नळाचं पानी बादलीत दोन दिवस उघडं ठेव, त्याचं औषध उडून जाईल. मग सकाळी दोन तांबे खारं काढ, दोन तांबे गोडं घाल. संध्याकाळी तसंच. घाई करू नको, तापातल्या मानसावर कोनी एकदम गार पानी ओतत नाही. रोज चव बघ. भुईगावच्या पान्यासारखी लागली की थांब. त्यानंतर जेवढं उडेल तेवढं गोडंच भरायचं. समुद्राला राग येनार नाही. पावसात काय पडतं त्याच्यात?

लगेच कळव.
शत्रुघ्न

•

वसई,
४ मे २००६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दारातच उभ्याने वाचलं आणि पाणी जिभेवर ठेवलं. दादा, लहानपणी शेवटच्या वाफ्यात बोट बुडवून चाटायचो, अगदी तीच कडवट चव. मिठागरावर वाढलेला मी, आणि मला कळू नये! निकोलस पुण्याहून आला, त्याला सांगितलं तर त्याने कपाळाला हात लावला. कुणालाही टाकी देताना गोडं पाणी भरायला तो पहिल्यांदा सांगतो. मला सांगितलं नाही, कारण मिठागरवाल्याच्या पोराला हे आपण काय शिकवायचं, असं त्याला वाटलं.

आठवडाभर तू लिहिलंस तसं केलं. मासे वाचले. कालपासून खातात, एकमेकांच्या मागे धावतात.

फूल मात्र वाचलं नाही. दगडाला धरून आहे, पण मऊ पडलं आहे आणि बोटं हलत नाहीत. निकोलस म्हणतो की ते गेलं, दोन दिवसांत काढा, नाहीतर पाणी नासेल. त्याच्याकडे त्याच रंगाचं दुसरं आहे. अनुष्काचं म्हणणं असं की आई अंघोळीला गेली की बदलून टाकू, तिला कळणारही नाही, आणि उन्हाळा संपला की ती जिना उतरेल. मी तिला नाही म्हणालो नाही. उद्या निकोलसकडे जाणार आहे, पण रात्रभर झोप नाही. बायकोच्या जिवासाठी असं केलं तर देवी रागावेल का? तू मोठा आहेस, सांग.

दिनानाथ

•

उरण,
८ मे २००६

चि. दिनानाथ यास आशीर्वाद.

देवीचं मला ठाऊक नाही. मला जिन्याचं ठाऊक आहे. खोट्याच्या आधाराने ती उतरायला लागली आनि अर्ध्या जिन्यात तिला खरं कळलं, तर तू तिला धरू शकशील का?

केलं नसशील तर करू नको. केलं असशील तर सांगून टाक. तिचं भ्यानं तिचं आहे, ते तिला पेलू दे. आपन बाजूला उभं राहायचं.

गुडघ्यामुळे मला येता येत नाही, नाहीतर आलो असतो.
शत्रुघ्न

•

वसई,
१५ मे २००६

ती. भावजींस,
आशालताचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला मी आजवर कधी पत्र लिहिलं नाही, तेव्हा अक्षर आणि चुका दोन्ही पोटात घाला.

तुमचं आठ तारखेचं पत्र आलं तेव्हा हे शाळेत होते, मुलांचे दाखले लिहायचं काम चालू आहे. दारातून आत पडलं, मी उचललं आणि वाचलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, पण सगळं पत्र माझ्या जिन्याबद्दलच होतं.

फूल बदललं नाही. हे निकोलसच्या दुकानापर्यंत गेले आणि पिशवी रिकामीच घेऊन परत आले. येऊन टाकीसमोर बसले. भावजी, मी दिवसाचे बारा तास त्या काचेकडे तोंड करून असते. फूल मेलं हे मला त्यांच्या आधी दोन दिवस कळलं होतं. पण यांनी माझं गमतीतलं बोलणं देवीपुढे नेऊन ठेवलं होतं, आता मी सांगितलं तर हे खचतील, म्हणून मी गप्प. हे माझ्यासाठी गप्प, मी यांच्यासाठी, आणि मधे ते फूल नासत चाललेलं.

तुमचं पत्र वाचलं आणि मीच उठले. बाही वर केली, पातळ चमच्याने दगडावरून ते सोडवलं. असा वास भावजी, तुमच्याकडे सुकट सडली तरी येणार नाही. अनुष्का कॉलेजातून आली तशी नाक धरून गॅलरीत पळाली. कचऱ्याच्या डब्यात टाक म्हणाली. मला ते जमेना. अडीच महिने ज्याच्याकडे बघून मी दिवस काढले ते कचरागाडीत घालायचं नाही. समुद्राचं ते समुद्रात जायला हवं. यांच्या हाती देऊन पाठवता आलं असतं, पण मला तेही नको वाटलं.

हे पाच वाजता आले तेव्हा मी साडी बदलून, जुना डबा पिशवीत घालून दारात उभी होते. यांनी विचारलं कुठे, तर मी किल्लाबंदर म्हटलं. यांनी चप्पल काढलीच नाही.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझे पाय थांबले. मी कठडा धरला. यांनी मला धरलं नाही, नुसते एक पायरी खाली जाऊन उभे राहिले. तिथे मी बराच वेळ होते. खालून वर येणारा वाण्याचा पोऱ्या आमच्यामुळे अडकला आणि डोक्यावरची तांदळाची गोणी घेऊन तसाच तिष्ठत राहिला. त्याच्या मानेची मला दया आली आणि मी पाय उचलला.

बंदरावर भरती होती. डबा उलटा केला, एका लाटेत सगळं गेलं. यांनी हात जोडले. मी नाही जोडले, मला नुसतं बघायचं होतं. आठ महिन्यांनी बघत होते. खाली उतरताना वर कसं जायचं याचा विचारच केला नव्हता, तो रिक्षात आला. चढायला पाऊण तास लागला. प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी पाणी देत होतं, वर पोहोचेपर्यंत चार पेले झाले.

मासे मजेत आहेत. फूल नाही तर पंपामागच्या कोपऱ्यात झोपतात. निकोलस दुसरं द्यायला तयार आहे, मीच म्हटलं की आत्ता नको.

कमळीताईंना सांगा की पावसाळ्याआधी आम्ही तिघं उरणला येऊ. तुमचे गुडघे तिथेच राहू देत, मी येते.

हे पत्र यांच्या हाती दिलेलं नाही. चौकातल्या लाल पेटीवर साडेतीनची वेळ लिहिली आहे, परवा बघून आले. आता तीनला दहा कमी आहेत आणि मला उतरायला वेळ लागतो, म्हणून इथेच पुरे करते.

आपली,
आशालता