शेकोटीजवळचा पहारा

ता. ४ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

फोनवर तू बाबांच्या औषधांपलीकडे बोलत नाहीस, म्हणून पत्र. ज्याच्यापायी आपण अभ्यासाचा बट्ट्याबोळ केला, तो दोघांनी खेळायचा किल्ल्याचा गेम आमची कंपनी नव्याने काढते आहे, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय. जरा काही बदललं की जुने खेळणारे शिव्या घालतात, नाही बदललं तर नवे जांभया देतात. इकडे आड, तिकडे विहीर. आता सगळं नायकाच्या डोळ्यांतून दिसेल, म्हणजे खेळणाऱ्याला आपणच नायक आहोत असं वाटेल. नायकाबरोबरची पहारेकरीण काढून टाकतोय, तिला कोणी निवडत नाही. तुला काय वाटतं? इतक्यात सुट्टी मिळणार नाही, रागावू नकोस. बाबांना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. १२ जून

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

बाबांना आंघोळ घालून खुर्चीत बसवलंय. डोळा लागला की घसरतात, म्हणून एक नजर तिकडे ठेवून लिहिते. अक्षर वेडंवाकडं आलं तर मुकाट्याने वाच.

तिला कोणी निवडत नाही म्हणे! अरे शहाण्या, मी खेळायचे ना ती. तू नायक सोडायचा नाहीस, म्हणून माझ्या वाट्याला आली, पण मग आवडली. लढाई झाली की तुझा नायक शेकोटीशी झोपायचा आणि तू स्वयंपाकघरात खायला पळायचास. त्याची ताकद भरेपर्यंत मी बटण दाबून बसायचे. बोट उचललं की लांडगे यायचे. तुला तो लढाईचा गेम म्हणून आठवतो, मला जागण्याचा. आता नायकाच्याच डोळ्यांतून दाखवलंस, तर मागे कोण बसलंय ते कुणाला दिसणार?

मी दमलेय रे. गेमचं तू तुझं बघ.

आशीर्वाद आहेतच. वेळेवर जेवत जा.

ताई

ता. २० जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं म्हणणं कंपनीतल्या आमच्या मोठ्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, नुसतं बटण दाबून बसायला कोण गेम विकत घेईल? मी भांडलो आणि हरलो. पहारेकरीण गेली.

मग ऑफिसातल्या कपाटातून जुना गेम काढला. आमच्यातल्या एकीला नायक दिला आणि मी पहिल्यांदाच तुझ्या जागी बसलो. ती लढली, नायकाला शेकोटीशी निजवलं आणि चहाला गेली. मी बटण दाबून बसलो. बोट दुखायला लागलं, मग तिचा राग यायला लागला. ताई, तुझ्या जागेवरून दुसरं काहीच दिसत नाही गं. नुसता झोपलेला मी दिसतो.

गेम माझ्यावाचून अडत नाही, हे बाईंनीच सांगितलं. शनिवारी सकाळच्या गाडीने येतोय, महिनाभरासाठी. बाबांना कसं उचलायचं ते एकदा दाखव आणि आत जाऊन झोप. खुर्चीसमोर मी बसेन.

लोभ आजवर तूच केलास, आता थोडा करून घे. बोट उचलणार नाही.

तुझा,
धाकटा