काविळीची माळ

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्यावरचा राग काही ओसरत नाही. आज तो मुद्दाम लिहून काढते आहे.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी, आणि पांढुर्ण्याच्या बाजारातून घरी यायचं तर वाटेत बसत बसत यावं लागायचं. तू डॉक्टरकडे नेलं नाहीस. "कावीळ हाय, माळेनं उतरते," म्हणालीस आणि सौंसरच्या त्या म्हाताऱ्याकडून काड्यांची माळ आणून माझ्या डोक्यावर बसवलीस. माळ वाढत वाढत गळ्यात आली की कावीळ उतरली, असं सगळेच मानायचे. हळद बंद, तेल बंद, उसाचा रस सुरू. माळ वाढत होती आणि मी पांढरीफटक पडत होते. वेणी घालताना तू ती हळूच खाली ओढायचीस, आई. मला आरशात दिसायचं.

शेवटी मी न्हाणीत कोसळले, तेव्हा मामानं आपल्याला नागपूरला नेलं. तिथं कुणाचंच रक्त माझ्या रक्ताशी जुळेना. डॉक्टरांनी तुला समोर बसवून समजावलं, ही नेहमीची कावीळ नाही, हिचं शरीर स्वतःचंच रक्त फोडतंय. अंडाशयात गाठ आहे, तिच्यामुळेच हे सुरू झालेलं दिसतं, ती काढावी लागेल. मी पलंगावर धापा टाकतेय, आणि तू विचारतेस काय, तर "पोटावर टाके दिसतीन का जी? पोरीचं लग्न व्हाचं हाय अजून."

मामा ओरडला, "बाई, पोरगी मरून राहिली अन् तू लग्नाचं काय घेऊन बसली?"

तू नाही नाही म्हणत मान हलवत राहिलीस. सही मीच केली, तुझ्यादेखत.

गाठ निघाली, रक्त वाढू लागलं, हळूहळू गोळ्याही सुटल्या. आणि तू? सौंसरला जाऊन म्हाताऱ्याला धोतर-नारळ देऊन आलीस. "माळेनंच वाचली माही पोरगी," असं मोहल्लाभर सांगत फिरलीस. सोयरिकीला आलेल्यांना टाके अपेंडिक्सचे म्हणून सांगितलेस. उतरलेली माळ नदीत सोडायची असते, तीही तू डब्यात जपून ठेवलीस, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला. मी मरता मरता वाचले, आणि मान मिळाला वाळक्या काड्यांना. हे मी तुला कधीच माफ करणार नाही.

आज सकाळी माझ्या मुलीचे डोळे मला पिवळसर वाटले. तशीच उठले, तिचं रक्त तपासायला दिलं, सोनोग्राफीही करून घेतली. रिपोर्ट संध्याकाळी मिळतील. ती दमून झोपली आहे. मघाशी मी तुझा डबा उघडला. माळ तिच्या डोक्यावर ठेवून पाहिली. फार सैल झाली होती, म्हणून गाठी आवळून पुन्हा ठेवली. आता ती खाली सरकते का, ते बघत बसले आहे.