वेल्डरच्या बायकोला केलेला फोन

सोमवार, ३ मार्च
वेल्डरचं समुपदेशनाचं सहावं सेशन. पाच सेशन्स या माणसाने छताकडे बघून काढली. आज एकदम मोकळा झाला. सोडून गेलेली बायको रविवारी दहा वाजता शिलाई मशीन न्यायला येणार आहे. म्हणाला, आत येईल, पण चालत बाहेर जाणार नाही. कशाने, तेही सांगितलं. निघताना हात जोडले, म्हणाला, आता तुम्हीच बघा. माझ्यावरचा विश्वास वाढतोय. फाइलमध्ये ‘उत्तम प्रगती’ असं लिहिलं.

मंगळवार, ४ मार्च
मोठ्या मॅडमना केस सांगितली. सेंटर त्यांचं, वाटलं, शाबासकी मिळेल. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, अरे, तू माणूस आहेस की फर्निचर? माणूस ठरलाय, दिवस ठरलाय, वेळ ठरलीये. इथे गुप्तता संपते. आजच्या आज तिला फोन कर, पोलिसांना कळव.
हे मला कोण शिकवतंय! याच विषयावर मी वर्कशॉप घेतलंय. अठ्ठेचाळीस स्लाइड्स.
संकल्प: आज फोन.
संध्याकाळी ६. नाही झाला. घाईघाईत बोलून उगाच घबराट नको. आधी मसुदा.

बुधवार, ५ मार्च
मसुदा एक: फार थेट.
मसुदा दोन: ‘धोका’ हा शब्द काढला.
मसुदा तीन: वेल्डरचा उल्लेख काढला. आता भाषा समतोल वाटते.

गुरुवार, ६ मार्च
पोलीस चौकीत गेलो. हवालदार फोनवर घरच्यांना नळ कुठून गळतोय ते समजावत होता. वीस मिनिटं बाकावर. मग म्हणाला, बोला साहेब, काय हरवलंय? काहीच हरवलं नव्हतं. परत आलो. ज्यांना ऐकून घेता येत नाही त्यांच्यासमोर इतका नाजूक विषय काढायचा कसा?

शुक्रवार, ७ मार्च, सकाळी ११
फोन केला! तिचा नंबर वेल्डरच्या फॉर्मवरच होता, ‘अडचणीच्या वेळी कुणाला कळवावं’ या रकान्यात. म्हणालो, स्वतःची काळजी घ्या, विशेषतः या शनिवार-रविवारी. ती म्हणाली, कोण बोलतंय? मला विमा नकोय. मी कोण ते सांगितलं. आवाज उतरला. ह्यांनी जिवाचं काही बरंवाईट केलं का? म्हणालो, तसं काही नाही. मग सर, रविवारी मशीन आणायला जाऊ ना? एकटीच जाणार आहे, स्पष्ट सांगा. म्हणालो, निर्णय तुमचा. तिने आभार मानले. तुम्ही आहात त्यांच्याजवळ म्हणून बरं, म्हणाली, नाहीतर जिवाला घोर होता.
फाइलमध्ये: ‘संबंधित व्यक्तीला सूचना दिली.’ मॅडमनी पोलिसांचं विचारलं. चौकीत जाऊन आलो, म्हणालो. खोटं नाही.

शनिवार, ८ मार्च
झोप छान. दुपारी वाटलं, तिला पुन्हा फोन करावा. ही चिंता माझी आहे, तिची नाही. ओळखली, बाजूला ठेवली. अनुभव म्हणतात तो हा.

रविवार, ९ मार्च
रविवारी मोबाइल बंद. नियम म्हणजे नियम. कुंड्यांची माती बदलली.

सोमवार, १० मार्च
इन्स्पेक्टर बाई येऊन गेल्या. वेल्डरची बायको वाचली नाही. तो आपण होऊन चौकीत जाऊन बसला.
मी फाइल वाचून दाखवली. ‘सूचना दिली’ हे दोनदा वाचलं. बाईंनी लिहून घेतलं. मग विचारलं, नेमके शब्द काय होते? मोठ्या मॅडम शेजारी उभ्या होत्या. मी सांगितले. बाईंनी तेही लिहून घेतले.
जाताना बाईंनी त्याचा जबाब सांगितला. तो म्हणतो, सरांना सगळं सांगून ठेवलं होतं. कुणीतरी येईल, मला धरून नेईल, म्हणून सकाळी सातपासून दार उघडं टाकून बसलो होतो. दहा वाजता तीच आली.