खांब क्रमांक डी-१७

गुरुवार, ७ मार्च

पाच महिने वहीत एक ओळ नाही. आधी माफी. कोणाची मागतो आहे, असा प्रश्न लगेच पडला, कारण ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. (बायकोने एकदा वाचली होती. दुसऱ्या पानावर झोप लागली म्हणाली.) तरी मागून ठेवतो.

ताई येते आहे. बुधवारी सकाळी दहा चाळीसचं विमान. तीन वर्षांनी, आठ दिवसांसाठी.

मागच्या वेळचं प्रामाणिकपणे लिहून टाकतो. तिला सोडायला गेलो होतो. तिला आणि बायकोला दारात उतरवलं, गाडी लावून आलोच म्हणालो. पोचलो तेव्हा ताई आत गेली होती. बायको म्हणते, काचेपलीकडून ती चार वेळा मागे वळून बघत होती. मी तेव्हा पार्किंगच्या उतारावर रांगेत. दोष माझा की उताराचा, यावर तीन वर्षं विचार केला. साठ टक्के उताराचा.

या वेळी ती दारातून बाहेर येईल तेव्हा समोर मी. बस्स.

शुक्रवार, ८ मार्च

ताईचा फोन. फुलं आणू का, विचारलं. काही नको, बाहेर आल्यावर आपलं माणूस दिसलं की झालं, म्हणाली. मग म्हणाली, आणि हे बघ राजा, गाडी आणू नकोस.

किती काळजी करते माझी!

अर्थात गाडीच नेणार. दोन मोठ्या बॅगा घेऊन तिने मेट्रोत चढायचं? बायको म्हणाली, बॅगांना चाकं असतात. दुर्लक्ष केलं.

रविवारी रंगीत तालीम. ग्रंथालयात दीड लाख पुस्तकं जागच्या जागी ठेवणारा माणूस मी. एक गाडी ती काय!

रविवार, १० मार्च

तालीम यशस्वी. घर ते विमानतळ बावन्न मिनिटं. चुकीच्या लेनमुळे मालवाहू विमानांच्या फाटकापर्यंत जाऊन आलो, ते यात धरलेलं नाही. तिथल्या पहारेकऱ्याने सलाम केला. बायको सोबत होती, तिच्या मते तो हात 'मागे फिरा' म्हणत होता.

पार्किंग सहा मजली, चार हजार गाड्यांचं. जागा हेरली: तिसरा मजला, निळा खांब, डी-१७, शेजारीच लिफ्ट. खांबाचा फोटो काढला. तिथून आगमनाच्या दारापर्यंत अकरा मिनिटं. दोनदा चालून बघितलं.

बायकोने विचारलं, त्या दिवशी तिथे दुसऱ्या कोणाची गाडी असली तर? असले प्रश्न तिला सुचतात कुठून!

मंगळवार, १२ मार्च

गाडी धुतली. हवा भरली. वेळेचा तक्ता करून डॅशबोर्डवर चिकटवला.

बायको म्हणाली, मी आपली मेट्रोने येते. माझ्यावर विश्वास नाही का, विचारलं. म्हणाली, तुझ्यावर आहे रे, तुझ्या गाडी लावण्यावर नाही. वाद घातला नाही. उद्या दार उघडेल तेव्हा बघेलच.

बुधवार, १३ मार्च, सकाळी ९.२०, आगमनाच्या दारासमोर

उभा आहे. पहिल्या रांगेत, कठड्याला टेकून. एक तास वीस मिनिटं हातात! निळा खांब, शेजारी लिफ्ट, सगळं रविवारसारखं. पुन्हा फोटो काढायची गरजच पडली नाही, फोनमध्ये आहेच. तयारी म्हणतात ती ही.

शेजारच्या आजोबांना वेळेचं नियोजन समजावून सांगितलं. ते जरा पलीकडे जाऊन उभे राहिले.

९.५०

एक शंका. गाडी लॉक केली का? केली असणार. पण 'असणार' म्हणजे 'आहे' नव्हे, आणि स्वतःला फसवणं मला जमत नाही. जाऊन यायला बावीस मिनिटं. भरपूर वेळ आहे.

१०.२५, तिसरा मजला

डी-१७ला पांढरी व्हॅन. अख्खा मजला दोनदा फिरलो. गाडी चोरीला गेली. म्हणजे लॉक केली नव्हतीच. शंका किती बरोबर होती!

११.१०, सुरक्षा कार्यालय

तक्रार लिहून देतो आहे. इथल्या अधिकारी बाईंनी विचारलं, नक्की याच खांबाजवळ लावली होती? फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, सगळ्या मजल्यांवर खांब निळेच आणि आकडेही तेच आहेत साहेब, लोकांचा घोटाळा होतो. मी म्हणालो, बाई, मी ग्रंथपाल आहे. त्यांनी पेन पुढे केलं. 'चोर सराईत असावा' हे वाक्य मी स्वतःहून घातलं.

बायकोचा फोन वाजतो आहे. सही करून उचलतो.

संध्याकाळी ६, घरी

ताई अकरा वाजून पाच मिनिटांनी बाहेर आली. समोर बायको होती. ताईने तिला मिठी मारली आणि तिच्या खांद्यावरून इकडेतिकडे बघत विचारलं म्हणे, तो पार्किंगमध्ये का?

मी पोचलो तेव्हा दोघी बाकावर कॉफी पीत होत्या. ताईचे केस बरेच पांढरे झाले आहेत. फोनवर कळत नाही. मी आधी चोरीची बातमी दिली, मग कशी आहेस विचारलं. क्रम चुकला.

मेट्रोने आलो. बॅगांना खरंच चाकं होती.

चहा घेताना ताईने तो फोटो मागितला. चष्मा लावला. म्हणाली, अरे, हा दहा तारखेचा आहे. आज कितव्या मजल्यावर लावलीस?

तिसरा म्हणणार, तेवढ्यात लक्षात आलं. उतार चढताना मी मजले मोजतच नव्हतो. ताई समोर आली की पहिलं वाक्य काय बोलायचं, ते घोकत होतो. बायको हसली नाही, त्यावरून प्रकरण गंभीर आहे हे कळलं.

ग्रंथालयात पुस्तक सापडलं नाही तर आम्ही लगेच 'चोरीला गेले' लिहीत नाही. 'जागेवर नाही' लिहितो आणि आधी सगळी कपाटं बघतो. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मीच हे शिकवतो.

ताई म्हणाली, मग काय बोलणार होतास ते आता बोल. एक शब्द आठवेना. राहू दे, म्हणाली, उद्या मीही येते तुझ्याबरोबर. सहा मजले आहेत, फिरता फिरता आठवेल.

उद्या: चोरीची तक्रार मागे घेणे.