वाटणीला आलेले वॉशिंग मशीन

रविवार, १४ नोव्हेंबर.
सकाळचे १० वाजून २० मिनिटे (रेडिओवरच्या घड्याळात १२ वाजून ४८, खुलासा पुढे येईल).
इस्त्री टॉवेलात गुंडाळून पायाशी घेऊन बसलो आहे (याचाही खुलासा पुढे).

तीर्थरूप दादांना आणि सौ. वहिनींना वाकून नमस्कार. (मी तळघरात राहतो आणि छत खाली आहे, त्यामुळे इथे माणूस वाकूनच असतो, तरी नमस्कार मनापासून आहे असे समजावे.) आईला पाया पडतो म्हणून सांगावे. तुमची पाठ, वहिनींचे पित्त आणि आईचे गुडघे यांची चौकशी करतो. उत्तरात तिन्हींचे वेगवेगळे कळवावे. मागच्या वेळी 'सगळे ठीक' एवढेच कळवलेत. त्यात गुडघे धरले होते की नाही ते समजले नाही.

तुमचे पत्र मिळाले. त्यात दोन प्रश्न आहेत. पहिला, इकडे आणलेल्या वस्तू कशा काय चालल्या आहेत. दुसरा, मी आता इकडे स्थिरावलोच आहे, तेव्हा माझी खोली आणि तुमचा हॉल यांच्यामधली भिंत पाडून हॉल मोठा करायला माझी हरकत नाही ना. आईची कॉट पॅसेजमध्ये व्यवस्थित बसते, तुम्ही टेप लावून मोजले आहे. पहिला प्रश्न सोपा म्हणून आधी त्याचे उत्तर लिहितो. (फोनवरच बोललो असतो, पण मी मुद्द्याशी आलो की तुमच्याकडे आवाज यायचा बंद होतो.) पत्र आधी कच्चे लिहिले, मग शुद्धलेखन तपासून पक्के केले. कच्च्यात काही विशेषणे होती, ती काढली आहेत. जिथे वाक्य थोडे बोडके वाटेल तिथे एखादे होते असे समजावे.

हे पत्र मामाही वाचतील, म्हणून सुरुवातीपासून सांगतो. माझे इकडचे काम पक्के झाले त्या आठवड्यात तुम्ही मामांना बोलावून घेतलेत. मामा मधल्या खुर्चीत, तुम्ही पलंगावर, मी दारात (चपला घालूनच, कारण मला दोऱ्या आणायला जायचे होते). तुम्ही म्हणालात की दोघे भाऊ सारखे, पण गरजा वेगळ्या. हा तिकडे नव्याने संसार मांडणार, तेव्हा घरातली सगळी यंत्रे यालाच द्या, मला काय, या चार भिंती पुरे. मामांचे डोळे भरून आले. असा भाऊ बघायला मिळत नाही, असे ते दोनदा म्हणाले. आईने फक्त एवढेच विचारले, "आणि मिक्सरपण?" त्यावर वहिनी म्हणाल्या, "आई, त्याला तिकडे कोण वाटून देणार आहे?" मग मामा जाता जाता एक बोलून गेले, की याची खोली मात्र याचीच राहील, उद्या परत आला तर झोपेल कुठे. तुम्ही म्हणालात, हे काय सांगायला हवे. (सांगितले हे बरे झाले. त्या चार भिंतींतली एक तुम्हाला आताच जड झाली आहे.)

अशा रीतीने वॉशिंग मशीन, टीव्ही, मिक्सर, इस्त्री आणि घड्याळाचा रेडिओ एवढी इस्टेट माझ्या वाटणीला आली. मी भीतभीत विचारलेही होते की दादा, तिकडची वीज वेगळी असते म्हणतात. तुम्ही हसलात. "अरे, वीज कुठेही गेली तरी वीजच. शॉक बसायचा तो बसतोच." मामा हसले, मीही हसलो. तुम्ही वीज कार्यालयात कामाला आणि मी नववीत शाळा सोडलेला, तेव्हा मी हसणेच योग्य होते. मशीनला मी जुन्या गाद्यांचा कापूस लावला, टीव्ही दोन रजयांत शिवला, प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधली. जहाजाच्या भाड्यात माझी सगळी शिल्लक गेली. सामान जहाजावर चढले त्याच दिवशी संध्याकाळी तुमच्याकडे नवा टीव्ही आणि नवा मिक्सर आला, हे मला आईकडून कळले. यंत्रे दुकानातून निघायलाही वेळ लागतो दादा. म्हणजे ती आधीच सांगून ठेवली असणार. असो.

इथली वीज दाबाने आपल्या विजेच्या निम्मी आहे. हे मला सामान खोलीवर पोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत समजले. आधी तर पिनाच बसेनात. आपल्या पिना गोल, इथली भोके चपटी. ते निभावले. मग मिक्सर लावला. तो फिरला, नाही असे नाही. पण असा फिरला की आतली पाती मोजता यावीत. माझ्याबरोबर खोलीत एक बेकरीवाला राहतो (आपल्याच भाषेचा, मोठ्या बेकरीत पाव गाडीत भरतो). तो पाहून म्हणाला, "हा मिक्सर नाही, विचारवंत आहे. याच्याकडून काही बारीक होणार नाही." इस्त्री चांगली तासभर लावून ठेवली की कोमट होते आणि कापडाला टेकवली की पुन्हा गार. शर्टाला ती काही करत नाही, पण थंडीत पायांना बरी पडते. म्हणून ती पायाशी आहे. वहिनींनी माहेरून आणलेली म्हणून जी इस्त्री तुम्ही देताना तीनदा सांगितली होती, ती हीच.

टीव्हीची गोष्ट निराळी. त्याला वीज चालते, पण इथली चित्रे त्याला समजत नाहीत. प्रसारणाची पद्धतच वेगळी आहे म्हणे. त्यामुळे त्यावर 'सिग्नल नाही' एवढी एक निळी चौकट या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हिंडत असते. मी आणि बेकरीवाला रोज जेवताना ती बघतो. ती आधी कोणत्या कडेला टेकणार यावर भांडी घासण्याची पैज लागते. चौकट नेमकी कोपऱ्यात बसली तर आम्ही दोघेही घास थांबवतो. दोन महिन्यांत ती एकदा बसली. तेव्हा बेकरीवाला आंघोळीला गेला होता आणि तो अजून माझ्यावर विश्वास ठेवत नाही.

रेडिओसाठी मी वीज दुप्पट करणारा एक डबा विकत घेतला. रेडिओ लागला. पण त्यातले घड्याळ विजेच्या हेलकाव्यांवर चालते आणि इथे ते हेलकावे जास्त आहेत (हे मी नंतर दुकानात विचारले), म्हणून ते तासाला बारा मिनिटे पुढे पळते. हे कळण्याआधीचे पाच दिवस मी रोज रात्री ते नीट लावून त्याच्या गजरावर उठून कामावर गेलो. माझे काम एका मोठ्या हॉटेलच्या धुलाई खात्यात आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पहाटेच्या अंधारात कुलूपबंद दारासमोर मी उभा, आणि मुकादम दीड तासाने येणार. मुकादमाला वाटले, पोरगा कामाचा भुकेला आहे. त्याने मला एक किल्ली दिली आणि दार उघडून यंत्रे तापवून ठेवायचे काम कायमचे माझ्या गळ्यात घातले. त्याचा पगार नाही. आताही घड्याळ रोज रात्री लावतो, पण सकाळपर्यंत ते बिघडतेच. ते बंद का करत नाही असे बेकरीवाला विचारतो. मी म्हणतो, वाटणीतले एवढे एकच चालते आहे, तेही पळत का होईना.

आता वॉशिंग मशीन. दिवसभर मी कपाटाएवढ्या बारा यंत्रांत परक्या लोकांच्या चादरी धुतो आणि घरी येऊन स्वतःचे कपडे बादलीत धुतो. बादली ठेवायला जागा नाही म्हणून ती माझ्याच वॉशिंग मशीनवर ठेवतो. आत आम्ही बटाटे भरतो. पण एका रविवारी मला राहवले नाही. मशीन त्या डब्याला जोडले. मशीनने एक हुंकार दिला, डब्याने धूर दिला, आणि तळघरासकट वरचा मजला अंधारात गेला. वर घरमालकीणबाई राहतात. बाईंनी उभा जन्म बस चालवली. त्यांचा आवाज अजून मागच्या सीटपर्यंत पोचतो. टॉर्च घेऊन खाली आल्या. मशीनकडे पाहिले, मग टीव्हीकडे, मग मिक्सरकडे.

"ही सगळी तू घरून आणलीस?"

"हो."

"तिकडे ही चालत होती?"

"उत्तम चालत होती."

"मग तिथेच चालू द्यायची होतीस ना बाबा."

(त्या बोलल्या त्यांच्या भाषेत, आणि मला त्यांचे निम्मेच कळते. पण हे पूर्ण कळले.)

दुरुस्तीचे पैसे भाड्यात वळते झाले. दुसरा डबा घेतला तो फक्त रेडिओपुरता, लहान. त्या रविवारी संध्याकाळी अंधारात बसून मी आईला फोन केला होता. यंत्रांचे काही सांगितले नाही. तिने विचारले, मशीन चालते का. मी म्हटले, मऊ कपडे निघतात. मी विचारले, नवा मिक्सर कसा आहे. ती म्हणाली, वहिनी तो कपाटात ठेवतात, मला बटणे कळायची नाहीत म्हणून. मी आपली हातानेच वाटते, तेवढाच व्यायाम. मग म्हणाली, तुझ्या खोलीत मला झोप चांगली लागते, खिडकीतून उजाडलेले कळते. दादा, पॅसेजला खिडकी नाही. तुम्ही टेपने लांबी-रुंदी मोजलीत, त्यात हे आले नसेल.

माझ्या मनात एकच शंका राहिली आहे. ती मी कच्च्या पत्रात तीन प्रकारे लिहिली आणि तिन्ही खोडल्या, चौथी ही. तुम्ही रोज कार्यालयात विजेची बिले काढता. लोक दाबाच्या तक्रारी घेऊन तुमच्याच खिडकीवर येतात. इकडची वीज निम्मी आहे हे तुम्हाला त्या दिवशी माहीत नव्हते, की माहीत होते? माहीत नसेल तर उत्तर देऊ नये. माहीत असेल तरी देऊ नये, मामा वाचतील.

आता तुमचा दुसरा प्रश्न, भिंतीचा. भाऊभाऊ म्हटल्यावर मी हरकत ती काय घेणार. मी इकडे सुखात आहे. घर आहे, काम आहे, पायाशी ऊब आहे, करमणूक आहे. तुम्ही माझी काळजी करू नये.

वहिनींना नमस्कार, आईला पुन्हा एकदा.

तुमचा धाकटा

ता. क. (आठ दिवसांनी लिहितो आहे, पत्र टाकायचे राहिले होते.) हॉटेलने चादरी बाहेर धुवायला द्यायचे ठरवले आहे. धुलाई खाते या महिनाअखेरीस बंद. मुकादमाने माझी किल्ली परत घेतली. दार उघडायला माझ्याइतका वेळेवर कुणी येत नव्हता, असे तो म्हणाला. मी पुढच्या महिन्यात परत येत आहे. तेव्हा हरकत ती काय घेणार असे वर लिहिले आहे, ती हरकत घेत आहे. भिंतीला हात लावू नये. कॉट हलवू नये.

ता. क. २. टीव्ही बेकरीवाल्याला दिला. कोपऱ्याचे त्याला एकदा तरी दिसावे. बाकीची यंत्रे परवा जहाजावर चढवली. पाठवणारा मी, घेणारे तुम्ही. पावतीवर तुमचे पूर्ण नाव व पत्ता शुद्ध लिहिला आहे. नंतर आणखी काही लिहायचे राहिले असे वाटले, ते हे: मिक्सर सोडवून आणलात की थेट आईच्या हातात द्यावा. त्याची बटणे तिला कळतात.

ता. क. ३. या पत्राची नक्कल मामांना वेगळी पाठवली आहे, वाचून दाखवण्याचा तुम्हाला त्रास नको म्हणून.

हिशेब: जातानाचे जहाजभाडे मी दिले, पूर्ण. येतानाचे माल सोडवताना तुम्ही द्यावयाचे. डबे दोन, एक जळालेला, माझ्या खाती. तुमच्याकडून येणे: खोली एक, चारही भिंतींसह, खिडकीसह, आईच्या कॉटसह.