त्याच्या खरेपणाची ग्वाही

बाई,

मागच्या महिन्यात मी कोर्टात उभा राहिलो. आरोपी म्हणून नाही, घाबरू नका. तुम्ही घाबरला नसतातच म्हणा. चष्मा खाली ओढून "पोचलास एकदाचा" एवढंच म्हणाला असतात. तुम्ही गेलात तेव्हाही मी इथंच, सौदीत यान्बूला, याच कंपनीच्या स्टोअरमध्ये होतो, आणि बातमी महिनाभराने कळली. तेव्हा काही लिहिलं नाही. कोर्टातून परतताना मात्र बसमध्ये सारखी तुमचीच आठवण येत होती, कारण न्याय कसा करतात हे मला पहिल्यांदा तुम्ही शिकवलंत, आणि मी त्या कामाचा नाही हेही तुम्हीच सांगितलंत.

सातवीत एका मुलीची नवी कंपासपेटी गेली होती. खाडीपलीकडून होडीने येणाऱ्या एका मुलाकडे आम्ही सगळ्यांनी बोट दाखवलं. तुम्ही छडी काढली नाहीत, नागरिकशास्त्राचा तास घेतलात. वर्गातून पाच पंच निवडायचे ठरलं, चिठ्ठ्या टाकल्या, आणि तुम्ही नियम सांगितलात: ज्याच्यावर आळ आहे त्याने एखादा पंच नको म्हटलं तर तो नको, कारण विचारायचं नाही. पूर्वी आपल्याकडे मोठ्या खटल्यांत साध्या माणसांतून अशीच ज्यूरी निवडत, वकील एकेकाला नाकारत, पुढे ती पद्धत बंद झाली, असं तुम्ही सांगताय आणि तेवढ्यात माझी चिठ्ठी निघते. तो मुलगा पुरतं नाव वाचू न देता म्हणतो, "हा नको." मी तावातावाने उठलो, का नको म्हणून. तुम्ही म्हणालात, "बस खाली. तुझा निकाल तुझ्या तोंडावर लिहिलेला आहे. तुला आधी चोर दिसतो, मग चोरी." अख्खा वर्ग हसला. पंचांनी पुरावा नाही म्हणून त्याला सोडून दिलं. पेटी त्यानेच घेतली होती असं मला अजूनही वाटतं, बाई. राग मानू नका.

इथं ज्यूरी नाही. निकाल न्यायाधीश देतो, मोठ्या गुन्ह्याला तिघे बसतात. पण पारख इथंही होते, ती साक्षीदाराची. साक्ष देणारा माणूस विश्वासाचा आहे, असं त्याला जवळून ओळखणाऱ्या दोघांनी न्यायाधीशासमोर सांगावं लागतं. त्याला तज़किया म्हणतात. चोरी कोणी केली, कधी केली, याच्याशी त्या दोघांना काही देणंघेणं नसतं. त्यांनी फक्त माणसाची ग्वाही द्यायची. आमच्या यार्डातून तांब्याची केबल गेली आणि बिहारचा एक वेल्डर पकडला गेला. गेटवरच्या माणसाने त्याला पाहिलं म्हणे, तेही अंधारात, पाठमोरा. मला तो गेटवालाच बरोबर वाटला नाही. वेल्डरचं म्हणणं, त्या संध्याकाळी तो न्हाव्याच्या दुकानात बसला होता. न्हावी तर इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, संपवून कायमचा गावी गेलेला. मग पुढे आला कोण, तर माझा रूममेट. रत्नागिरीकडचा, माझ्याच जमातीचा, कित्येक वर्षं आम्ही एका खोलीत राहतो. तो म्हणाला, मी पण गेलो होतो तिथं, वेल्डरला खुर्चीत बसलेला पाहिला, गर्दी होती म्हणून केस न कापताच परत आलो. केस न कापता! माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली. कापले असते तर मला दिसले असते ना.

आता हा माणूस कसा, ते सांगतो. फोनवर बायकोला सांगतो सिगारेट सोडली, आणि सांगताना ती दोन बोटांत धरलेली असते. गावी सगळ्यांना माहीत आहे की तो सुपरवायझर आहे. तो सुपरवायझरची गाडी चालवतो. फ्रीझरमधली मासळी आणून "आत्ता होडीवरून उतरली" म्हणतो, मी कल्ले उघडून बघतो, तोही मला उघडून बघू देतो आणि हसतो. यातल्या एकाही थापेने कुणाचं वाकडं झालेलं नाही, हेही खरं. पण थाप ती थाप. कोर्टाच्या आदल्या संध्याकाळी तो किचनमध्ये मासे साफ करत होता, आणि मान वर न करता म्हणाला, "अरे, उद्या माझ्यासाठी येशील काय? इतकाच सांगायचा, ह्यो माणूस खरा हाय."

"नि हायस काय?" मी विचारलं.

"त्या वेल्डरच्या बाबतीत हाय," तो म्हणाला आणि खवले नळाखाली धरले.

"मग दुसऱ्या कोणाला ने."

"दुसरो कोण माझ्याबरोबर ऱ्हातो?"

त्याचं बरोबर होतं. एक ग्वाही त्याचा सौदी साहेब देणार होता, दुसरा रोज सोबत असणारा हवा होता. झोप लागेना. वेल्डर आणि हा दर शुक्रवारी कॅरम खेळतात; दोस्तीसाठी हा बायकोशी खोटं बोलतो त्याहून मोठं खोटं बोलेल का? आणि खरं बोलत असेल तर? हा खोटा ठरला तर वेल्डर तुरुंगात, मग परत पाठवणी, आणि पुन्हा इथं पाय ठेवायची सोय नाही. त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय हे मला माहीत होतं. हे माहीत नसतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

कोर्टात न्यायाधीश तरुण आहे, आवाज हळू. साहेबाने एका दमात हो म्हटलं आणि घड्याळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून न्यायाधीश विचारतो, याला किती ओळखतोस, सोबत राहिलास का, प्रवास केलास का, व्यवहार केलास का. सगळ्याला हो. शेवटी दुभाषा म्हणतो, "आप इसे सच्चा आदमी मानते हैं?" वेल्डर बाजूला उभा होता, बेड्यांचा हात दुसऱ्या हाताने झाकून. तो माझ्याकडे बघतच नव्हता, माझ्या रूममेटकडे बघत होता. मी म्हटलं, "जी, मानता हूँ." दुभाषाने ते अरबीत सांगितलं, पण माझ्या तीन शब्दांची त्याने दोन लांब वाक्यं केली. त्यात आणखी काय घातलं, देव जाणे. मी विचारणार होतो, पण तोवर दुसऱ्या खटल्याला हाक मारली.

वेल्डर सुटला. पुरावा अपुरा म्हणून. पुढच्या शुक्रवारी तो आमच्याकडे जेवायला आला, माझ्या रूममेटला मिठी मारून हमसून रडला, मग मलाही मारली. मला खूप बरं वाटलं, बाई, खोटं कशाला बोलू. तरी जेवताना मी दोघांच्या नजरा तपासत होतो. काही सापडलं नाही.

हे कागद पाठवायचे कुठं, हा प्रश्नच आहे. तुमच्या घरात आता कोण राहतं तेही ठाऊक नाही. माझ्याच बॅगेत राहतील. माझा स्वभाव तुम्ही बरोबर ओळखला होता, मी अजून सगळं विचारतो, फोन कुणाचा, कुठं होतास, मासळी कधीची. एवढी एक गोष्ट सोडून. परवा जेवणानंतर तो आपणहून सांगायला लागला, "त्या संध्याकाळी न्हाव्याकडे, खरं म्हणजे..." आणि मी भांडी घ्यायला उठलो आणि नळ पुरा सोडला. मला ऐकायचं नव्हतं.